व्हेनिसच्या तारखा

पोट दिसायला लागलं की दरबारात बाईला लपायला जागा उरत नाही. पेट्रोनेलने महिनाभर चोळीच्या नाड्या आवळून निभावलं. पण राणीसाहेबांच्या तैनातीतल्या मुलींवर देखरेख करणाऱ्या पार्जिटरबाईंची नजर घारीची. एका सकाळी त्यांनी तिला पोशाख चढवताना धरलंच.

"कुणाचं?"

"नवऱ्याचं," पेट्रोनेल म्हणाली आणि सर जॉसलिन टॅव्हेंडरचं नाव घेऊन मोकळी झाली.

आता ग्रिनिचच्या राजवाड्यात ती चौकशीला बसलेल्या लॉर्ड वेक्सकमसमोर गुडघे टेकून होती. राणीसाहेबांच्या परवानगीवाचून लग्न म्हणजे लंडनच्या टॉवर किल्ल्यातली कोठडी. पण लग्न झालंच नाही असं ठरलं, तर तिला नुसतं हाकलतील, बाप दार उघडणार नाही, आणि पोटातल्या जिवाला जन्मभर एक शिवी चिकटेल. त्यापेक्षा कोठडी परवडली.

शेजारी जॉसलिनही गुडघ्यांवर, पण ऐटीत. त्याचं प्रवासवर्णन जूनमध्ये छापून आलं होतं आणि सगळा दरबार त्यावर लट्टू होता. गडी व्हेनिसहून परतला तो जमिनीवर चालतच नव्हता. मांस काट्याने टोचून खायचा, बोटांनी खाणाऱ्यांकडे बघून नाक मुरडायचा. दाराबाहेर मघाशी तो तिच्या कानाशी कुजबुजला होता, "माझं नाव मागे घे, पेट. दोघांनी कशाला बुडायचं?"

"पाच मार्चला, डोव्हरला लग्न लागलं म्हणतेस," लॉर्ड वेक्सकम म्हणाले. "साक्षीदार?"

"पाद्रीबाबा प्लेगात गेले, हुजूर. दुसरा एक खलाशी होता, तो बुडाला."

"बरे सोयीने मेले सगळे," पार्जिटरबाई भिंतीकडून पुटपुटल्या.

"सर जॉसलिन?"

"हुजूर, नाचताना हिचा हात दोनदा धरला असेल. पण लग्न? बारा मार्चला मी अजून समुद्रापलीकडे, कॅलेच्या बंदरात वाऱ्याची वाट बघत बसलो होतो. पुस्तकात छापलंय. पाच तारखेला डोव्हरला काय उडत आलो?"

कारकून फिदीफिदी हसला. पेट्रोनेलला वाटलं, संपलं. बाईच्या शपथेपेक्षा छापील ओळ जड, हे तिला ठाऊक होतं.

लॉर्ड वेक्सकम तरुणपणी व्हेनिसला राणीसाहेबांच्या कामगिरीवर राहिलेले. ते सावकाश पुस्तक चाळत होते.

"छान लिहिलंय. पंचवीस डिसेंबर, व्हेनिसमधला नाताळ, मशाली, चौकातली गर्दी. हे डोळ्यांनी पाहिलंत?"

"या डोळ्यांनी, हुजूर."

"पोपने पंचांग बदललं तेव्हापासून ते लोक आपल्या दहा दिवस पुढे असतात. त्यांचा नाताळ येतो तेव्हा इथे पंधरा डिसेंबर. मग पुस्तकातल्या तारखा कुणाच्या? आपल्या की त्यांच्या?"

जॉसलिनची मान ताठ होती ती तशीच राहिली, फक्त रंग उडाला. पेट्रोनेलने मनात हिशेब केला. तारखा त्यांच्या असतील, तर कॅलेतला बारा मार्च म्हणजे इथला दोन मार्च. तिथून पाच तारखेला डोव्हर गाठणं काहीच अवघड नाही. आणि आपल्या असतील, तर पुस्तकातल्या पंचवीस डिसेंबरच्या दहा दिवस आधीच व्हेनिसमधला नाताळ उरकला होता.

"आपल्या असतील, तर नाताळचं ऐकून लिहिलं असेल," लॉर्डसाहेब थंडपणे म्हणाले. "पुष्कळ जण लिहितात. तसं म्हणा आणि घरी जा."

तो 'हो' म्हणणार. तिला त्याच्या ओठांवर ते दिसलं, आणि तिने पोटावर हात घट्ट धरला.

"ऐकीव," पार्जिटरबाई खुसखुसल्या. "आणि आम्ही मेल्या काट्याने जेवायला शिकलो."

जॉसलिन कानापर्यंत लाल झाला.

"ऐकीव? हुजूर, त्या पुस्तकात एक शब्द ऐकीव नाही. मी त्या चौकात उभा होतो. तारखा व्हेनिसच्या आहेत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत."

मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. कारकुनाची लेखणी मात्र चालू होती.

"बरं," लॉर्डसाहेब म्हणाले. "मग आपल्या पाच मार्चला कुठे होता?"

जॉसलिनने कारकुनाच्या लेखणीकडे पाहिलं.

"डोव्हरला."

"कुणाबरोबर?"

"हिच्या."

"ही कोण?"

"बायको," जॉसलिन जमिनीकडे बघत म्हणाला.

दोघांनाही टॉवरकडे न्यायला नदीवर होडी लागली होती. पेट्रोनेलच्या मनावरचं मोठं ओझं उतरलं होतं. पायऱ्यांवर जॉसलिन तिच्या जवळ सरकला. शिपायांपुढेही ऐट सुटली नव्हती.

"बघ, शेवटी तुला बायको म्हटलंच ना?"

"माझ्याबद्दल विचारलं तेव्हा सरळ नाही म्हणालात," ती म्हणाली. "पुस्तकाला खोटं म्हणायची वेळ आली, तेव्हा जीभ रेटेना."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"राहू द्या. बाळाला तुमचं नाव लावीन, मला तेवढंच हवं होतं. होडीत माझ्यापासून लांब बसा."