बिनवजनाचा सोटा

मी सोटा बोलतोय. घरातले मला काठी म्हणतात. म्हणू देत. काठी म्हटलं की कसं मऊमऊ वाटतं, आणि मऊपणा माझ्यात औषधालाही नाही.

मी लाकडाचा नाही, लोखंडाचाही नाही. कार्बनच्या कापडाचा आहे. हसू नका. आधी मी पांढरा धागा होतो, केसाहून बारीक. मला भट्टीत घातलं, पण भट्टीत हवा ठेवली नाही, म्हणून माझी राख झाली नाही. नुसता काळाठिक्कर पडलो आणि पोलादाशी पंजा लढवेन असा झालो. मग माझं कापड विणलं, त्याला चिकट रेझिन पाजलं, वर प्लास्टिकचा पापुद्रा लावला आणि गुंडाळी करून गारठ्यात ठेवून दिलं. उबेत राहिलो तर आपोआप कडक होतो ना, म्हणून.

कारखान्यात हे कापड साच्यावर लावणारी एक बाई होती. विमानाचे भाग करायची. थरावर थर, प्रत्येक थराचे धागे वेगळ्या दिशेला, आणि दर थराला तो पापुद्रा सोलून काढायचा. सोलायचा राहिला तर थर एकमेकांना धरत नाहीत. बाहेरून काही दिसत नाही. नाण्यानं टकटक केलं की कळतं. चांगला माल टणटण बोलतो, पापुद्रा राहिलेला बद्द वाजतो. बद्द वाजला की भंगारात. तिथं दयामाया नाही.

या बाईचा बाप न्हाणीघरात पडला होता. जन्मभर लोकांची दारं-खिडक्या केलेला सुतार. हाडं जुळली, पण म्हाताऱ्यानं खुर्ची सोडली नाही. डॉक्टर म्हणाले, असेच बसून राहिले तर पाय कायमचे जातील. पडला तेव्हा हातात लाकडी काठी होती, ती मोडली होती. त्यामुळे काठीचं नाव काढलं की अंगावर यायचा.

बाईनं साहेबांना विचारून उरलेले तुकडे घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत लोखंडी सळईवर गुंडाळले. पहिल्या खेपेला पापुद्रा आतच राहिला. नाणं बद्द बोललं.

"अगं, आज लक्ष कुठंय तुझं?" शेजारच्या टेबलावरची म्हणाली.

"खुर्चीत," ही म्हणाली.

तो माझा थोरला भाऊ. गेला भंगारात. त्याच्यानंतरचा मी. भट्टीत भाजून कडक झाल्यावर सळई ओढून काढली आणि मी पोकळ, सरळ, टणटणीत बाहेर पडलो.

म्हाताऱ्यानं मला बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "हे काय आणलंस? छत्रीची दांडी?"

"काठी आहे, बाबा."

"हिला वजन कुठाय? फुंकर मारली तर जाईल उडून."

"मारा की मग."

"जास्त बोलू नकोस. माझा भार पडला की कडकन मोडेल."

"मोडा. मोडून दाखवा, पुन्हा काठीचं नाव काढणार नाही." एवढं बोलून ती भांडी घासायला वळली.

म्हातारा इरेला पेटला. मला दोन्ही हातांनी धरलं, दातओठ खाल्ले आणि सगळा भार माझ्यावर टाकला. मी कशाला मोडतोय! मला मोडायच्या नादात तो उभा राहिला होता. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा पाय लटपटत होते. लेक पाठमोरीच. भांडं घासायचा आवाज तेवढा थांबला. ती वळली असती, एक शब्द बोलली असती, तर तो त्याच क्षणी बसला असता. हट्टी माणूस हरत असताना त्याच्याकडे बघू नये, हे तिला माहीत होतं.

"वाकतसुद्धा नाही मेली," तो पुटपुटला आणि खिडकीपर्यंत गेला.

माझ्या टोकाला रबराची टोपी होती. ती त्यानं पकडीनं उपटून काढली. म्हणाला, "रबर असलं की आवाज होत नाही. मी चालतोय हे पोरीला कळायला नको?" मग काय, दिवसभर ठकठक. ती कामावरून आली की आणखी जोरात. शेजारी वैतागले. माझ्याही अंगाला मुंग्या यायच्या.

पुढे तो गेला. मी दारामागे उभा राहिलो.

आता लेकीचे केस पिकलेत. कारखान्यात उभं राहून राहून गुडघा गेलाय. भिंत धरून चालते. परवा तिनं मला बाहेर काढलं, सवयीनं नाणं घेतलं आणि वरून खाली वाजवत आली. टणटण, टणटण, आणि टोकाशी वीतभर बद्द. आपटून आपटून थर सुटलेत.

"फोडलीत की हो, बाबा," ती म्हणाली आणि त्या जागेवरून बोट फिरवत बसली.

करवत जवळच होती. तेवढं टोक कापलं की मी बरोबर तिच्या उंचीला येतो. पण तिनं करवत ठेवून दिली, मला दारामागे उभं केलं आणि भिंत धरत आत गेली.

पोरी, हे मला पटलेलं नाही. मी काय आठवण म्हणून धूळ खायला झालोय? त्या वीतभर तुकड्यात तुझा बाप नाही. तो उभा राहिला तो माझ्या उरलेल्या अंगावर, आणि ते अजून टणटण बोलतंय. खुशाल काप. मला दुखत नाही.

फक्त रबर लावू नकोस. तू चालतेयस हे घराला ऐकू आलं पाहिजे.