स्क्रूचा अर्धा फेरा

मी एक जुनी साखळी-करवत आहे. मित्रांनो, आज माझ्या दात्यांवर गंज चढला आहे, पण एके काळी जाडजूड ओंडका मी लोण्यासारखा कापत असे.

माझा मालक झाडे तोडण्याची कामे घेई. धाकटा भाऊ त्याला दादा म्हणे, म्हणून सगळे गावच दादा म्हणू लागले. माझ्या पोटात कार्बोरेटर आहे. तिथे पेट्रोल आणि हवा एकत्र होतात. त्यावरचा एक बारीक स्क्रू माझा संथ वेग ठरवतो. बोटाने दाबलेला खटका सोडला की इंजिन चालू राहावे, पण साखळी थांबावी, इतकाच तो पिळायचा असतो. दादा डोळे मिटून माझा आवाज ऐके आणि केसभर स्क्रू फिरवी. "आता कशी शहाण्यासारखी गुरगुरतेय!" असे तो म्हणाला की मला धन्य वाटे.

धाकटा मात्र उतावळा. दादा त्याला बजावी, "बंद पडली तर आधी फिल्टर झटक. स्क्रूला हात लावायचा नाही."

एकदा वादळात मोठे झाड रस्त्यावर आडवे झाले. गाड्या खोळंबल्या, लोक ओरडू लागले. फिल्टरमध्ये भुसा साचून माझा श्वास कोंडला होता. धाकट्याच्या हातात मी सारखी बंद पडत होते. शेवटी वैतागून त्याने तो स्क्रू अर्धा फेरा पिळला. मी बंद पडेनाशी झाले, पण खटका सोडला तरी साखळी फिरतच राहिली.

"दादा, ती वरची फांदी तू घे," म्हणून त्याने मला तशीच चालू दादाच्या हाती दिली. स्क्रूचे काही बोललाच नाही. दादाने फांदी कापली, खटका सोडला आणि नेहमीच्या सवयीने मला खाली घेतले. त्या गोंगाटात त्याला काही कळले नाही. मी त्याच्या गुडघ्यात शिरले.

लोकांनी दादाला उचलून नेले. धाकटा मागे थांबला, माझ्याजवळ बसला आणि स्क्रू गुपचूप पूर्वीसारखा केला.

पुढे कुबड्या घेऊन दादाने मला एकदा चालू करून पाहिले. खटका सोडताच साखळी निमूट थांबली. तो बराच वेळ स्वतःच्या बोटाकडे बघत राहिला.

"हिचा दोष नाही रे. माझंच बोट खटक्यावर राहिलं असणार."

धाकटा म्हणाला, "होतं असं, दादा. वय झालं आता."

त्या दिवसापासून दादाने हत्याराला हात लावला नाही. कामे धाकट्याकडे गेली. दादाची बायको त्याचे गुण गाते, "दीर नाही, देव आहे माझा!" माळ्यावरून मला ते रोज ऐकू येते. मला वाचा नाही.

मित्रांनो, यंत्राची निगा राखा, फिल्टर साफ ठेवा. आणि कुठला स्क्रू फिरवलात, तर यंत्र दुसऱ्याच्या हाती देण्याआधी त्याला तेवढे सांगा.