केबल बदलून बघा

सकाळी ऑफिसात आल्या आल्या तक हेवॉननं ज्येष्ठ सहकारी बांग ग्योंगसूंचं नाव सर्व्हरवरून उडवलं आणि त्यांच्या लॅपटॉपची तिकडे जाणारी वाटही बंद केली. टीमप्रमुख नाम तिच्या मागेच उभे होते.

"जेवणानंतर त्यांना एचआरमध्ये बोलावणार आहेत. राजीनाम्यावर सही घ्यायची आहे," ते हळूच म्हणाले. "तोवर कळता कामा नये. विचारायला आले तर झुलवत ठेव."

"सर, निदान आधी त्यांना सांगितलं तर..."

"तू सांगणार? मग एकाऐवजी दोन खुर्च्या रिकाम्या होतील." नाम हे हसत म्हणाले, म्हणून तिला जास्तच भीती वाटली.

कोरियातल्या पांग्योमधल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत सगळ्यांचा कोड एका सर्व्हरवर ठेवलेला असे आणि तो सर्व्हर सांभाळणं हे हेवॉनचं काम. ते तिला शिकवलं होतं बांग यांनीच. तिचे वडील गेले तेव्हा ऑफिसातले बाकीचे रिवाजाप्रमाणे पैशांचं पाकीट देऊन, दोन घोट सोजू पिऊन निघून गेले. बांग मात्र अंत्ययात्रा निघेपर्यंत शोकगृहात थांबून पाहुण्यांना सूप वाढत होते.

तासाभरात बांग तिच्या टेबलाशी आले. "हेवॉन, सर्व्हरला काय झालंय गं? माझा कोड वर चढतच नाहीये. नुसतं वाट बघतं आणि शेवटी म्हणतं, कनेक्शन टाइम आउट."

"नेटवर्क जरा डुगडुगतंय सर," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. "केबल बदलून बघा ना."

त्यांनी केबल बदलली. मग तिनं लॅपटॉप बंद करून चालू करायला सांगितला, तेही केलं. मग ती म्हणाली, सेटिंगमधला पत्ता तपासा. ज्या माणसानं तो पत्ता तिच्याकडून पाठ करून घेतला होता, त्यानं तोही निमूटपणे तपासला.

"आज हे चढायलाच हवं," ते म्हणाले. "देजॉनच्या रुग्णालयात औषधांचे डोस दोनदा छापले जाताहेत. दुरुस्ती कालच पुरी झालीय, पण आहे ती फक्त या लॅपटॉपवर."

हेवॉन कीबोर्डवर काहीतरी टाइप करत राहिली. "होईल सर. थोडा धीर धरा."

पण बांग धीर धरून बसणाऱ्यातले नव्हते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीचा लॅपटॉप त्यांनी आपल्या केबलला लावला. तो झटकन जोडला गेला. मग त्याच लॅपटॉपवर त्यांनी स्वतःचं नाव घालून बघितलं. या वेळी सर्व्हरनं वाट बघायला लावलं नाही. चटकन उत्तर आलं: परवानगी नाही.

ते परत आले ते सावकाश. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"केबल चांगली आहे," ते म्हणाले. "माझ्या लॅपटॉपला वाट नाही आणि माझ्या नावाला दार नाही. दोन वेगळ्या जागी एकाच सकाळी बिघाड होत नसतो. ते कुणीतरी करावं लागतं."

हेवॉननं माउसवरचा हात काढून घेतला.

"कधी केलंस?"

"सकाळी."

"म्हणजे मी केबल बदलत होतो तेव्हा तुला माहीत होतं."

"नामसरांनी..."

"नाम मला कधीच आवडला नाही. त्याचं मी काय मनावर घेणार?" ते उठले. "माझं राहू दे. पण लॅपटॉपवरचं सगळं पुसण्याआधी ती दुरुस्ती तेवढी काढून घे. रुग्णालयाची काही चूक नाही."

दुपारी त्यांनी सही केली. लॅपटॉप हेवॉनकडे आला. ती तशीच नामांकडे गेली. "सर, यात देजॉनचं काम आहे. पाच मिनिटांत काढून घेते."

"कायदा विभाग म्हणतो, हात न लावता पुसा. उद्या बांग म्हणेल आम्ही काहीतरी घुसवलं."

"पण सर, हे दुसरीकडे कुठेच नाही."

"तक हेवॉन." नामांनी पूर्ण नाव घेतलं, तेही सगळ्यांच्या देखत. ती टेबलाशी परत आली आणि तिनं लॅपटॉप पुसला.

महिनाभरानं रुग्णालयाची माणसं चिडून भेटायला आली. नामांनी स्वतः त्यांना कॉफी दिली आणि मान वाकवून म्हणाले, "आमचे एक ज्येष्ठ सहकारी काम अर्धवट टाकून गेले हो. जाताना त्याची एक ओळसुद्धा सर्व्हरवर ठेवली नाही. नोंदी हिच्याकडेच आहेत. खरं ना गं, हेवॉन?"

सर्व्हरवर त्या दुरुस्तीची खरोखरच एकही ओळ नव्हती.

"हो सर," ती म्हणाली.

ती दुरुस्ती मग तिच्याच गळ्यात पडली. वसंत ऋतू सरेपर्यंत ती तिच्यावर खपत होती. जमली, पण बांग यांच्यासारखी नाही. मध्ये दोनदा अडली तेव्हा त्यांना विचारावं म्हणून तिनं फोन हातात घेतला. दुसऱ्या खेपेला लावलाही. त्यांनी उचलला, तिचा आवाज ओळखला आणि काही न बोलता ठेवून दिला.