सहावं लायसन्स

ताईंचा कॉम्प्युटर सुरू झाल्याशिवाय त्या ऑफिसात पान हलत नसे. घरांचे नकाशे काढणारं ऑफिस, आणि सगळे नकाशे ताईंच्या कॉम्प्युटरच्या पोटात. बाकीचे पाच जण तारेनं त्याला जोडलेले. त्यामुळे सकाळी पहिल्या येणार त्या, संध्याकाळी शेवटी निघणारही त्याच. "बंद करतेय हं, सेव्ह करून घ्या," असं त्यांनी म्हटलं की कोपऱ्यातून आखणीवाला हमखास म्हणायचा, "थांबा ताई, दोन मिनिटं." मग ताई करवादायच्या, तुमची दोन मिनिटं म्हणजे अर्धा तास, मला काही घरदार आहे की नाही. घर होतं. आई गेल्यापासून दार त्याच उघडायच्या आणि त्याच लावायच्या.

कॉम्प्युटर म्हातारा झाला, वरचेवर रुसू लागला. शेवटी साहेबांनी नकाशे ठेवायला स्वतंत्र सर्व्हर घ्यायचं ठरवलं. तो कपाटात बसून रात्रंदिवस आपला आपण चालणार होता. आता लवकर यायला नको, थांबायला नको, सुटलात, असं साहेब ताईंना म्हणाले. ताई हसल्या, आणि दिवसभर कुणाशी धड बोलल्या नाहीत.

सर्व्हर बसवणारा आला. मितभाषी, कामाला वाघ. सर्व्हर वापरायला माणशी एक लायसन्स लागेल म्हणाला. ताईंच्याच खुर्चीत बसून त्यानं जुन्या कॉम्प्युटरला कोण कोण जोडलंय ते पाहिलं आणि त्या पाच नावांची पाच लायसन्स मागवली. चहा घेणार का, असं विचारत ताई शेजारीच उभ्या होत्या. स्वतःच्या कॉम्प्युटरला स्वतःला जोडून घ्यावं लागत नाही, म्हणून आपण त्या पाचांत नाही, हे त्यांच्याही डोक्यात आलं नाही.

सुट्टीच्या दिवशी नकाशे सर्व्हरवर गेले. दुसऱ्या दिवशी ताई सवयीनं पहिल्याच आल्या. पासवर्ड टाकला. या नावाचं कुणी इथे नाही, असं पडद्यावर आलं. त्यांनी पुन्हा टाकला. हळूहळू बाकीचे आले, आपापले नकाशे उघडून कामाला लागले. कुणी ताईंकडे वळून पाहिलं नाही. पाहायचं कारणच उरलं नव्हतं.

साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. सहावं लायसन्स यायला आठवडा तरी लागणार होता.

"अहो, तुम्ही घरच्याच ना, ताई," ते म्हणाले. "मोजायच्याच राहून गेलात."

अगदी मायेनं म्हणाले, म्हणून जास्तच लागलं. ताईंनी दिवसभर जुन्या कागदी नकाशांवरची धूळ पुसली. त्या धुळीची कुणालाच अडचण नव्हती.

संध्याकाळ झाली तशा त्या उठल्या आणि तोंडातून निघून गेलं, "बंद करतेय हं, सेव्ह करून घ्या."

आखणीवाल्यानं मान वर केली. "ताई, आता लागत नाही ते."

"हो की," ताई म्हणाल्या, आणि सगळ्यांबरोबर हसल्यासुद्धा. ऑफिसची किल्ली त्यांनी आखणीवाल्याच्या टेबलावर ठेवली, कारण तो अजून बसणार होता. आज पहिल्यांदाच त्या उजेडी निघाल्या. दाराबाहेर चपला घातल्या, पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. आत कपाटातला सर्व्हर गुणगुणत होता.

जिन्याच्या तोंडाशी त्या दोन मिनिटं थांबल्या. कुणी थांबा म्हटलं नव्हतं. मग कठड्याला धरून सावकाश उतरू लागल्या.