दोघांपुरतं गव्हाण

प्रभाकरशेठना सॉफ्टवेअरचं लायसन्स समजावण्यात आसियाचे दोन महिने पाण्यात गेले. शेठचं गव्हाण गावातलं कोल्ड स्टोरेज खांदा कॉलनीतल्या ऑफिसात बसून चालवता यावं म्हणून ते सॉफ्टवेअर तिनेच बसवलं होतं. वीस कॉम्प्युटरवर टाका, हरकत नाही. पण एका वेळी जोडलेले दोघंच. तिसरा आला की दारातून परत.

"सलूनमध्ये गिऱ्हाइकं वीस असली तरी खुर्च्या दोनच असतात, सर," तिने सांगून पाहिलं.

"आपण वीसचं घेतलंय ना? मग वीस!" शेठ म्हणाले. विषय संपला. स्वतःच्या मोबाइलचा आवाज कमी करायला ज्यांना माणूस लागतो, त्यांच्याशी कोण डोकं लावणार?

बरं, त्या दोन्ही खुर्च्या शेठनी दसऱ्यालाच अडवल्या. यंत्रांची पूजा झाली तेव्हा भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर गव्हाणच्या थंड खोल्यांचं तापमान झळकलं आणि टीव्हीला झेंडूचा हार पडला. दुसरी जोडणी नवीन पनवेलला, शेठच्या घरी, हॉलमधल्या टॅबवर. त्यांच्या पत्नी वसुंधराबाईंनी त्यालाही हळदकुंकू वाहिलं. मुहूर्तावर जोडलेलं तोडायचं नाही, असा हुकूम सुटला. उणे अठराचा आकडा दोन्हीकडे नंदादीपासारखा तेवत राहिला, आणि जिला खरोखर काम करायचं होतं ती शेठकडून तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीची चावी मागून घेऊन रिक्षाने गव्हाणला खेटे घालत राहिली. एकदाच तिने पाच मिनिटं टीव्हीची जोडणी काढली होती. त्यावर शेठनी तिला लेखी दिलं: पुन्हा हात लावलास तर नोकरी गेली.

नोकरी तिला हवी होती. पण गव्हाणच्या तीन नंबरच्या खोलीत हाफिजचाचांची कोळंबी होती. चाचा तिच्या मोहल्ल्यातले. "आसिया बेटी, शेठला मी ओळखत नाही. तुझ्या भरोशावर माल ठेवतो," असं म्हणून त्यांनी दुबईला जायचा सगळा माल तिथे उतरवला होता.

गुरुवारी अकरा वाजता पुण्याहून शैलेश आणि चारुता हे नवराबायको आले. त्यांना आंब्याचा रस ठेवायला जागा हवी होती. शेठ त्यांना टीव्हीपुढे उभं करून छाती फुगवत होते, तेवढ्यात आसियाचा फोन वाजला. गव्हाणचा वॉचमन रामू होता.

"म्याडम, तीन नंबरचं मशीन बंद पडलंय. लाल दिवा लागलाय. कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप हाय, चावी शेटकडं. मी काय करू?"

आसियाने लॅपटॉपवरून जोडणी करून पाहिली. सगळ्या जागा भरलेल्या आहेत, असं उत्तर आलं. भिंतीवर तीन नंबरचा आकडा उणे पंधरावर आला होता.

"सर, टीव्ही सोडा. मला आत जाऊ द्या, मशीन इथून सुरू करते."

"मग मला दिसणार कसं?"

"घरचा टॅब तरी बंद करायला सांगा."

"मुहूर्ताचा आहे तो!" शेठ खेकसले आणि पाहुण्यांकडे वळून हसले. "बघा, बघा, तेरा! सेकंदासेकंदाचं कळतं इथे बसून."

आसियाच्या अंगाचा तिळपापड झाला. माल वितळायच्या वाटेवर होता आणि हा माणूस त्याचं कौतुक करत होता! आकडा उणे अकरा झाला. ती उठली, टीव्हीच्या माउसला हात घातला आणि जोडणी तोडली. हारासकट टीव्ही काळा पडला.

"चालती हो! आजपासून घरी!" शेठ ओरडले.

"जाते. आधी हे सुरू होऊ दे." ती लॅपटॉपवरून आत शिरली. तिसऱ्या मिनिटाला कॉम्प्रेसर सुरू झाला.

शैलेशनी घड्याळाकडे पाहिलं. "आता किती आहे?"

शेठनी टीव्ही परत जोडायला घेतला. सगळ्या जागा भरलेल्या आहेत, असं टीव्हीने त्यांना सांगितलं. जिला आत्ताच हाकललं तिला विचारायचं कसं? त्यांनी रुबाबात घरी फोन लावला, स्पीकरवर.

"वसुंधरा, टॅबवर बघून सांग, तीन नंबर किती?"

"अहो, त्याचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून दसऱ्यापासून मी त्याच्यावर विणलेला रुमाल टाकलाय. काढू का? हात लावायचा नाही म्हणाला होतात ना?"

चारुताने एक खुर्ची ओढली आणि ती आसियाशेजारी येऊन बसली.

"मायनस बारा," आसिया म्हणाली. "उतरतंय."

उणे अठरा होईपर्यंत ती जागची हलली नाही. मग तिने लॅपटॉप मिटला, डबा पिशवीत टाकला आणि जिन्यातूनच हाफिजचाचांना फोन लावला.

"चाचा, माल सलामत आहे. पण आजच उचला. उद्यापासून इथे मी नाही."