मंत्रानं पेटलेली भट्टी

साखरा गावात लोहारकाम करणाऱ्या चांगुणाबाईच्या भट्टीपुढे त्या सकाळी जत्रा भरली होती. कुणाच्या खांद्यावर वखराचं बोथट पातं, म्हणजे पास, कुणाच्या हातात कुऱ्हाड. पण धार पाजवून घ्यायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. सगळे टक लावून बघत होते भगव्या कफनीतल्या अंगारनाथ महाराजांकडे. महाराजांनी बरोबर आणलेल्या ‘प्रसादाच्या’ कोळशाचा ढीग रचला, त्यावर काळपट भस्म टाकलं, वर झारीतून तूप सोडलं आणि डोळे मिटून मंत्र सुरू केला. ना काडी, ना ठिणगी. मंत्र संपता संपता ढिगातून धूर आला, जांभळट जाळ उठला आणि चेल्यानं भाता हलवताच कोळसा लाल झाला. बायांनी पदर पसरले. दोघं-तिघं लोटांगणच घालून मोकळे झाले.

मी गुरांची डॉक्टर. माणिकरावांची म्हैस तपासायला आले होते, पण म्हशीचे मालकच इथे हात जोडून उभे.

“अग्निदेव रुष्ट है,” महाराज गरजले. “बाईनं ऐरणीला हात लावला म्हणून तिची भट्टी पेटत नाही. आजपासून इथं आमची धुनी राहील. बाई इथून उठली नाही, तर यंदा शिवारात दाणा भरणार नाही.”

अग्निदेवाला नेमकी रस्त्याकडेची, पत्र्याच्या सावलीची जागाच बरी आवडली, असं माझ्या मनात आलं.

“चांगुणे, ऐक म्हाराजांचं,” माणिकराव म्हणाले. “तुजी भट्टी धरायला किती येळ लागून राहिला. पेरणी तोंडावर आली.”

“काहून लागून राहिला ते सांगितलं व्हतं की,” चांगुणाबाई भात्याजवळून हलली नाही. “बाभळीचा कोळसा मिळंना म्हणून दगडी आणला. त्यो उशिरा धरतो. मालक लुळे पडले तवापासून आमी ह्याच भट्टीवर जगून राहिलो. मी उठणार न्हाई.”

लोक कुजबुजले. एकानं तिची सांडशी उचलून बाहेर टाकलीसुद्धा. माझं डोकं सणकलं. मी पुढे सरकले आणि मला महाराजांची बोटं दिसली. त्यांवर तपकिरी डाग होते. तसलेच डाग माझ्याही बोटांवर होते.

“महाराज, भस्म तुमचंच राहू द्या, पण तूप चांगुणाबाईच्या घरचं घ्या. पेटवा बरं पुन्हा.”

“ते कामधेनूचं तूप आहे. साध्या तुपानं अग्निदेव कोपेल.”

“मग कोपू द्या माझ्यावर.”

मी बॅगेतली जांभळी पूड भट्टीच्या कडेच्या थंड कोळशावर टाकली, तिच्यावर बाटलीतलं घट्टसर औषध ओतलं आणि माणसं दूर सारली. डोळे मिटून मीही गुरांच्या रोगांचा मंत्र म्हटला: “फऱ्या, घटसर्प, लाळ्या-खुरकूत, काळपुळी...” गोचीड तापापर्यंत पोचले आणि जाळ उठला. तसाच, जांभळट.

मी म्हटलं, “ही पूड म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, माझ्या आणि महाराजांच्या बोटांवर तिचेच डाग आहेत. आणि झारीतलं ते तूप नाही, ग्लिसरीन आहे. दोन्ही एकत्र आली की आपोआप तापतात आणि थोड्या वेळानं पेट घेतात. तेवढा वेळ काढायला मंत्र लागतो. माणिकराव, खुरकुतीत तुमच्या बैलांचे खूर याच पुडीच्या पाण्यानं धुतले होते. बादली तुम्हीच धरली होती.”

एव्हाना चांगुणाबाईनं महाराजांच्या ढिगातला न पेटलेला कोळसा उचलून पाहिला होता.

“हा बाभळीचा हाय! हा मिळाला असता तर मी मंत्राबिगर पेटवली असती.”

आणि तिनं पेटवलीही. महाराजांचे निखारे बाजूला ओढले, राख उकरून भात्याच्या नळीचं तोंड मोकळं केलं, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या मोडून घातल्या, एक काडी ओढली. जाळ धरल्यावर बाभळीचा कोळसा, तो लाल झाल्यावर कडेनं दगडी. भाता आधी हळू, मग जोरात. पाहता पाहता पास तापवण्याजोगी धग झाली. महाराजांना तेवढ्यात कळमनुरीच्या भक्ताची आठवण आली आणि ते निघाले. झारी मात्र मी पुरावा म्हणून ठेवून घेतली. जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तक्रार मीच करणार होते.

“झालं गेलं सोड. पास पाजवून दे,” माणिकराव म्हणाले.

“देते. पर आधी भाता धरा. आन् बाईच्या हातानं दाणा भरत न्हाई, हे म्हाराजांचं बोलणं आता समद्यांम्होरं तुमी म्हणून दावा.”

माणिकरावांनी सांडशी उचलून आणली, तिच्या हातात दिली आणि खाली बसून भाता धरला. म्हणायला मात्र त्यांची जीभ वळली नाही.

वाचकहो, काडीविना जाळ दिसला तर हात जोडण्याआधी पूड कसली, तूप कसलं, ते विचारा. आणि देव रुसलाय असं कुणी सांगितलं, तर त्या रुसव्यापायी कुणाला जागेवरून उठवलं जातंय, ते आधी पाहा. चांगुणाबाई उठली नाही. तुम्हीही उठू नका, आणि दुसऱ्याला उठवू देऊ नका.