पुसलेली टेप

“गाण्याचं नाव राहू दे, साल सांगा. माझ्याकडे सगळं सालाप्रमाणे लावलंय,” टेपबाई म्हणाल्या आणि त्यांचं त्यांनाच ते खटकलं. लावलेलं असं आता काही उरलंच नव्हतं. लोखंडी रॅक निम्मे रिकामे झाले होते आणि खोलीभर खोकी पसरली होती. दोन दिवस ट्रकवाला आणि त्याची माणसं टेपा भरून खाली नेत होती. गाण्यांचं चॅनल बंद होऊन महिना झाला होता. उद्या खोलीची किल्ली परत करायची होती.

दारात पस्तिशीची एक बाई उभी होती. तिच्यामागे कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले, गळ्याभोवती मफलर गुंडाळलेले एक म्हातारे गृहस्थ.

“मी तेव्हा चौथीत होते,” ती म्हणाली. “बाबा, साल आठवतंय तुम्हाला?”

गृहस्थांनी बोटाने हवेत चार आकडे काढले.

“बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. एक स्वरतंतू काढून टाकला. बोलतात, पण नुसता वारा येतो. गायचे ते. एकच गाणं आलं होतं त्यांचं, तुमच्या चॅनलवर लागायचं. कॅसेट होती घरी, ती पाणी शिरलं त्यात गेली. आता त्यांचा आवाज कुठेच नाही हो. इंटरनेटवर सगळं सापडतं म्हणतात, मी महिनाभर शोधलं. माझ्या लेकीने तर आजोबांचा आवाज ऐकलेलाच नाही.”

बाहेरच्या माणसाला टेप दाखवायची नाही असा नियम होता. पण तो करणारे साहेब गेल्या महिन्यातच दुसरीकडे रुजू झाले होते. टेपबाईंनी खोक्यांमधून वाट काढत दोन खुर्च्या ओढल्या आणि त्या सालाचं रजिस्टर शोधायला लागल्या.

टेपबाई हे नाव त्यांना पहिल्याच आठवड्यात चिकटलं होतं. तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या. आता सत्तावीस वर्षं झाली. आलेली टेप मशीनवर घालून तपासायची, रजिस्टरात चढवायची, वर प्रक्षेपणाला द्यायची, परत आली की जागेवर ठेवायची, एवढंच काम. त्या एवढ्याशा कामात त्यांच्या डोळ्यांखालून काय काय गेलं होतं! सुरुवातीचे व्हिडिओ म्हणजे पडद्यासमोर गायक उभा आणि शेजारी दोन कुंड्या. कॅमेरा जागचा हलायचा नाही, गायकही हलायचा नाही. मग कुणीतरी धुराचं यंत्र आणलं आणि वर्षभर प्रत्येक गाण्यात धूर. त्यानंतर मोठा पंखा आला, सगळ्यांचे केस उडायला लागले, टक्कल पडलेल्यांची पंचाईत झाली. मग डोंगर, समुद्र, मागे नाचणाऱ्या वीस-वीस मुली. मग गाण्यात गोष्ट शिरली आणि गायकच बाहेर पडला. त्याच्या जागी कुणीतरी देखणा तरुण ओठ हलवायला लागला. चित्रांचे तुकडे इतके बारीक झाले, की तपासताना डोळ्यांना पाणी यायचं. लोक फोन करून फर्माइशी सांगायचे, त्या याद्या थेट या खोलीत यायच्या. जेवायला फुरसत नसायची, पण तो काळ बरा होता. मग गाणी कमी झाली आणि विनोदी कार्यक्रम वाढले. आणि शेवटी लोक हातातल्या फोनवरच बघायला लागले, उभ्या चौकटीत, तेही अर्धं मिनिट.

“दिवसभर गाणी बघायचा पगार घेतेस, नशीबवान आहेस,” असं नवरा अजून म्हणायचा. घरात टेपबाई रेडिओसुद्धा लावू द्यायच्या नाहीत.

रजिस्टर सापडलं. पानं चिकटली होती, ती त्यांनी नखाने सोडवली. गृहस्थांचं नाव मिळालं. टेप क्रमांक, टेपेतलं पाचवं गाणं, लांबी साडेचार मिनिटं. आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलेलं एकच अक्षर. ‘पु’.

अक्षर त्यांचंच होतं.

एका वर्षी नव्या टेपांची खरेदी थांबली होती. साहेब म्हणाले होते, “जुन्यातल्या सहाशे काढा पुसायला.” पुसायच्या म्हणजे त्यांच्यावर दुसरं भरायचं. कुठल्या काढायच्या ते काही साहेबांनी सांगितलं नाही. टेपबाई आठवडाभर रजिस्टरं घेऊन बसल्या. दोन वर्षांत जी टेप एकदाही वर गेली नाही, तिच्यापुढे ‘पु’. शेवटी शेवटी हात दुखायला लागला म्हणून त्या नावं वाचायच्याही थांबल्या होत्या.

त्यांनी बोट त्या अक्षरावर ठेवलं. ट्रकवाला मागून डोकावून गेला होता. रिकामं खोकं ठेवायच्या निमित्ताने तो वाकला आणि हळूच म्हणाला, “सापडत नाही म्हणा ना, ताई. सहा हजार टेपा आहेत. कोण बघायला येतंय?”

खरंच कुणी येणार नव्हतं. टेपबाईंनी रजिस्टर मिटलं. मग पुन्हा उघडलं आणि त्या दोघांच्या पुढ्यात ठेवलं.

“हे बघा. गाणं आपल्याकडे होतं. ते पुसलं गेलंय.”

“पुसलं गेलंय म्हणजे?” मुलगी म्हणाली. “कुणी पुसलं?”

“पुसायला वरून सांगितलं होतं. कुठलं पुसायचं ते मी ठरवलं.”

“तुम्ही ठरवलं? ऐकलं तरी होतं का तुम्ही?”

“तपासताना ऐकलं असणार. आठवत नाही.”

“आठवत नाही!” मुलगी उठून उभी राहिली. “चला बाबा. उगाच आणलं मी तुम्हाला.”

गृहस्थ उठले नाहीत. त्यांनी मफलर जरा सैल केला आणि पुढे झुकून काहीतरी म्हणाले. टेपबाईंना कान जवळ न्यावा लागला.

“वर काय भरलंय?”

“विनोदी कार्यक्रम होता एक.”

“चालला का?”

“तेरा भाग. मग बंद पडला.”

गृहस्थ हसले. हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. मग त्यांनी बोटाने मशीनकडे खूण केली. दाखवा.

“बाबा, काय बघायचंय त्यात?” मुलगी म्हणाली. पण ती परत खाली बसली.

टेप रॅकवर नव्हती. बांधलेली खोकी सोडावी लागणार होती. ट्रकवाल्याने कपाळाला हात लावला, तरी सुरी काढली. तिसऱ्या खोक्यात तळाशी टेप मिळाली. टेपबाईंनी ती पदराने पुसून मशीनमध्ये घातली. पडद्यावर भडक कपड्यांतला एक माणूस खुर्चीवरून पडला आणि न दिसणारे लोक खदखदून हसले. तो पुन्हा पडला. पुन्हा हसले. गृहस्थ लक्ष देऊन बघत होते.

टेपबाई मात्र रजिस्टरातल्या लांब्या बोटांवर मोजत होत्या. टेप अर्ध्या तासाची होती. कार्यक्रम बावीस मिनिटं आणि वर काही सेकंद. पाचवं गाणं त्याच्यानंतर जेमतेम संपत होतं.

“थांबा हं,” त्या म्हणाल्या आणि टेप पुढे पळवली. “आवाजाची आशा धरू नका. पण जरा थांबा.”

शेवटची नावं वर सरकत गेली. चित्र फाटल्यासारखं झालं, पांढऱ्या रेषा आल्या, आणि रंग एकदम फिके पडले. दगडी पायऱ्या दिसल्या. त्या पायऱ्या उतरत एक तरुण माणूस पाठमोरा चालला होता. बासरीवर गाण्याची ओळ वाजत होती. माणूस खालच्या पायरीपर्यंत पोचला आणि काळोख झाला. लगेच दुसऱ्याच कुणाचं गाणं सुरू झालं, धूर आणि उडणारे केस. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत शाबूत होतं. टेपबाईंनी ते बंद केलं.

“सोळा सेकंद,” त्या म्हणाल्या. “एवढंच राहिलंय.”

मुलगी खुर्चीत मागे टेकली. “एक शब्दसुद्धा नाही,” ती म्हणाली. “चेहरासुद्धा नाही, बाबा. लेकीला काय दाखवू मी? हे कुणीही असू शकतं.”

गृहस्थांची नजर बंद पडद्यावरच होती. त्यांनी मान हलवली आणि मोठ्या कष्टाने, टेपबाईंनाही ऐकू जाईल इतक्या जोराने म्हणाले,

“चाल माझीच आहे.”

खोकं उचलायला वाकलेला ट्रकवाला तसाच थांबला. मग मुलीने पर्समधून फोन काढला, पुसला, आणि दोन्ही हातांनी पडद्यासमोर आडवा धरला.

“ताई,” ती म्हणाली, “अजून एकदा लावा.”

टेपबाईंनी टेप मागे घेतली.